एकशेवीस तासांचा जमाखर्च

महाविद्यालयांच्या वार्षिक समारंभांत अलीकडे एक वाक्य इतक्या नित्यनेमाने कानी पडते, की अहवालातील ठरीव मजकुरासारखे ते आता बिनतक्रार मंजूर होते : ‘आमच्या विद्यार्थ्यांनी अमुक संस्थेमार्फत वस्तीत तीन आठवडे सेवा केली, वस्तीला लाभ झाला आणि संस्थेला विनामूल्य मनुष्यबळ मिळाले.’ बोलणाऱ्याच्या सद्हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु या वाक्यातील सेवा, लाभ आणि विनामूल्य या तिन्ही शब्दांना आधार शोधू गेल्यास तो फारसा हाती लागत नाही, आणि तरीही प्राचार्यांपासून पालकांपर्यंत सर्वजण ते उच्चारतात, याचा आता खरोखर उबग येऊ लागला आहे.

या समजाच्या मुळाशी काही अंशी एका आकड्याचा योगायोग असावा. राष्ट्रीय सेवा योजना १९६९ साली, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, सुरू झाली आणि तिच्या स्वयंसेवकाने वर्षाकाठी १२० तास समाजकार्यास द्यावेत अशी तिची अपेक्षा आहे. नव्या शैक्षणिक धोरणानुसार आलेल्या इंटर्नशिपमध्ये एका क्रेडिटला तीस तास धरले जातात; म्हणजे चार क्रेडिटची इंटर्नशिपही नेमकी १२० तासांचीच होते. आकडा तोच, हजेरीपत्रकाचा नमुना जवळपास तोच, कित्येकदा सही करणारे प्राध्यापकही तेच. मग दोन्ही गोष्टी एकच, असे दप्तराने ठरवून टाकले तर नवल नाही. वस्तुतः पहिली योजना सेवेसाठी आहे आणि दुसरी अध्ययनासाठी. क्रेडिट विद्यार्थ्याला मिळतात, वस्तीला नव्हे. यावरूनच लाभार्थी कोण हे स्पष्ट व्हावे.

‘विनामूल्य मनुष्यबळ’ या कल्पनेचा हिशेबही एकदा मांडून पाहावा. दिवसाचे सहा तास धरले तर १२० तासांचे वीस दिवस होतात. मुंबईतील एखाद्या दाट वस्तीत नवखा विद्यार्थी गेला म्हणजे पाणी कोणत्या गल्लीला किती वाजता येते, त्या वेळी कोणीही बोलावयास मोकळे का नसते, झोपडीधारकाच्या ओळखीचा शासकीय फोटोपास कोणाच्या नावे आहे आणि तो विचारताच घरातील माणसे गप्प का होतात, सामुदायिक शौचालयाचा कारभार कोणते मंडळ पाहते आणि कोणत्या मंडळाशी त्याचे वाकडे आहे, हे उमगेपर्यंत त्या वीसांपैकी कित्येक दिवस निघून जातात. हे सारे त्याला शिकविते कोण? संस्थेची त्या वस्तीतील कार्यकर्ती, जिला सगळे ताई म्हणतात, आणि जी त्या अवधीत आपले नित्याचे काम बाजूस ठेवून त्याला घरोघर फिरविते, त्याने नकळत दुखावलेल्या माणसांची समजूत घालते आणि संध्याकाळी त्याच्या टिपणांतील चुका दुरुस्त करते. विद्यार्थी जरा उपयोगी पडू लागतो तोच त्याची मुदत संपते आणि दुसरी तुकडी दारात उभी राहते. आता या व्यवहारात विनामूल्य श्रम कोणाचे झाले, हे वार्षिक अहवाल लिहिणाऱ्यांनीच सांगावे.

ज्यांनी समाजकार्याचे शिक्षण आपल्याकडे रुजविले त्यांना ही गोष्ट पक्की ठाऊक होती. अमेरिकन मिशनरी क्लिफर्ड मॅनशार्ट यांनी मुंबईत नागपाडा नेबरहूड हाऊस हे वस्तीकेंद्र १९२०च्या दशकात उभे केले, आणि १९३६ साली सर दोराबजी टाटा यांच्या नावाने समाजकार्याचे जे पदव्युत्तर विद्यालय निघाले (तेच पुढे १९४४ साली टाटा समाजविज्ञान संस्था झाले), ते याच नागपाड्यातील वास्तूत भरू लागले. म्हणजे वस्ती आणि वर्ग यांत अंतर असे नव्हतेच. त्या परंपरेतील क्षेत्रकार्य सर्वसाधारणपणे आठवड्याचे दोन दिवस, वर्षभर चालते. विद्यार्थी प्रत्येक भेटीचा लेखी वृत्तांत देतो, आणि पर्यवेक्षक त्याच्याशी स्वतंत्र बैठक घेतो, जिला विद्यार्थी ‘आयसी’ म्हणून ओळखतात आणि काहीसे भितात. पर्यवेक्षण ही तेथे खर्चाची मान्य बाब आहे. आज पदवीच्या प्रत्येक शाखेतून विद्यार्थी पाठविताना नेमकी हीच तरतूद गळाली आहे.

विद्यापीठाकडून वस्तीला काहीच मिळत नाही, असे मात्र मुळीच नाही. फक्त त्याचे मोजमाप तीन आठवड्यांत होत नाही. पुण्यात श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाच्या प्रौढशिक्षण विभागातील मंडळी कचरा वेचणाऱ्या मुलांना शिकविण्याच्या निमित्ताने १९९०च्या सुमारास त्यांच्या आयांपर्यंत पोहोचली. त्या सहवासातून, कष्टकऱ्यांचे नेते बाबा आढाव यांच्या साहाय्याने, १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही संघटना झाली. आणि २००८ साली पुणे महानगरपालिकेने घरोघरचा कचरा उचलण्याचा करार ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्याच सहकारी संस्थेशी केला. पहिल्या साक्षरता-वर्गापासून त्या करारापर्यंत दीडेक तप लोटले. हीच माणसे तीन आठवड्यांनी दाखले घेऊन परतली असती तर हाती काय राहिले असते?

उरलेले समज थोडक्यात आटोपण्यासारखे आहेत. अशी इंटर्नशिप केवळ समाजकार्याच्या विद्यार्थ्यांसाठी असते, हे खरे नाही. पुण्याची शेल्टर असोसिएट्स ही संस्था वस्त्यांचे तपशीलवार नकाशे तयार करते, आणि असल्या कामात वास्तुशास्त्र व भूगोल शिकणाऱ्यांचीच अधिक गरज पडते. विद्यावेतन हा इंटर्नचा कायदेशीर हक्क आहे, हेही खरे नाही. १९६१चा शिकाऊ उमेदवार कायदा शिकाऊ उमेदवारांना लागू आहे, अभ्यासक्रमातील इंटर्नला नव्हे. मात्र जाण्यायेण्याचे भाडेही न देणाऱ्या संस्थेचे समर्थन त्यावरून होत नाही. ‘परदेशी पैसा येतो, मग पोरांना का देत नाहीत?’ असे विचारणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे, की तो पैसा घेण्याची परवानगी सर्व संस्थांना नसते, आणि ज्यांना आहे त्यांच्या प्रशासकीय खर्चाची कमाल मर्यादा परदेशी देणग्यांविषयीच्या कायद्यातील २०२०च्या दुरुस्तीने पन्नास टक्क्यांवरून वीसवर आणली आहे. आणि वस्ती म्हणजे शहराच्या कडेचा अपवाद, असे मानणाऱ्यांनी २०११ची जनगणना उघडावी : बृहन्मुंबईतील सुमारे ५२ लाख माणसे झोपडपट्टीत राहत होती.

राहता राहिला सर्वेक्षणाचा प्रश्न. विद्यार्थ्यांना दुसरे काही जमले नाही तरी फॉर्म भरण्याचे निरुपद्रवी काम तरी द्यावे, असे पुष्कळांना वाटते. पण सर्वेक्षणाचे मोल ते कोणाच्या हाती जाते यावर ठरते. स्पार्क या संस्थेने १९८५ साली, पदपथवासीयांविषयीचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल नुकताच लागलेला असताना, भायखळा परिसरातील सुमारे सहा हजार पदपथवासी कुटुंबांची गणना केली आणि ती ‘वी, द इन्व्हिजिबल’ या नावाने प्रसिद्ध झाली. तिचा उपयोग झाला, कारण ज्यांची गणना झाली त्यांच्याच हाती ती वाटाघाटीचे साधन म्हणून आली. याउलट जी माहिती महाविद्यालयाच्या कपाटात जाऊन पडते, ती घेण्यासाठी एखाद्या कष्टकरी बाईची अर्धी दुपार मोडणे निरुपद्रवी खचितच नव्हे. असे काम वाट्यास आलेल्या विद्यार्थ्याने प्रथम मागील वर्षीचे भरलेले फॉर्म मागून घ्यावेत. पुष्कळदा आपले प्रश्न त्याला तेथे उत्तरांसह सापडतील.