बंद खोलीतील हिरवे झाड

सोलापूरच्या उन्हाळ्यात घरात झाड जगवणे ही हौसेपेक्षा जिद्दीची गोष्ट आहे. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो, नळाला काही दिवसांआड पाणी येते, आणि तरीही गच्चीवर, जिन्याच्या कडेला, फुटक्या बादलीत तुळस, कोरफड, ओवा, अडुळसा आणि गुळवेल तग धरून असतात. खोकल्याला अडुळसा आणि भाजल्यावर कोरफड, हे घरगुती वैद्यक आपल्या अंगवळणी पडलेले आहे. याच सवयीचा आधार घेऊन अलीकडे काही घरांत एक नवा युक्तिवाद ऐकू येऊ लागला आहे : गांजा हीदेखील वनस्पतीच, आयुर्वेदात तिचे नाव आहे, महाशिवरात्रीला भांग चालते, परदेशात लोक घरात झाडे लावतात, मग आतल्या खोलीत एक कुंडी ठेवली तर बिघडले कुठे?

हा प्रश्न विचारणारा दर वेळी व्यसनी असतो असे नाही. मोबाइलवर चित्रफिती पाहून चकित झालेला महाविद्यालयीन मुलगा असतो, झोप हरवलेला मध्यमवयीन गृहस्थ असतो, आणि कधी आईच्या कर्करोगाच्या वेदना पाहवत नाहीत म्हणून कासावीस झालेली मुलगीही असते. त्यामुळे नुसते दटावून हा प्रश्न मिटत नाही. त्याचे उत्तर नीट द्यावे लागते, आणि उत्तराचा आरंभ त्या झाडापासूनच करावा लागतो.

भांग, गांजा आणि चरस ही एकाच झाडाची तीन रूपे. पाने म्हणजे भांग, मादी झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे म्हणजे गांजा आणि त्यावरचा चिकट राळेसारखा स्राव म्हणजे चरस. नशा आणणारे मुख्य द्रव्य टीएचसी. राफाएल मेशुलम आणि येहीएल गाओनी या इस्रायली संशोधकांनी १९६४ साली ते शुद्ध रूपात वेगळे करून त्याची रचना मांडली. हे द्रव्य पानांत थोडे आणि मादीच्या फुलोऱ्यात सर्वाधिक असते. फुलात बी धरले नाही तर आणखी वाढते. ही गोष्ट शेतकऱ्यांना रसायनशास्त्राच्या कितीतरी आधी ठाऊक होती. एकोणिसाव्या शतकात बंगालमधील नौगाव परिसरात परवान्याने गांजा पिकवला जाई, तेव्हा शेतातील नर झाडे ओळखून उपटण्यासाठी ‘पोद्दार’ म्हणून ओळखले जाणारे जाणकार बोलावले जात. आपल्याकडे मुंबई इलाख्यात अहमदनगर जिल्हा या पिकासाठी प्रसिद्ध होता.

त्या काळच्या सरकारने १८९३ मध्ये या विषयावर एक आयोग नेमला. त्याने ११९३ साक्षी नोंदवल्या आणि माफक सेवनाने सहसा मोठी हानी होत नाही, अतिसेवनाने मात्र होते, असा निष्कर्ष काढला. घरात कुंडी ठेवू पाहणारी मंडळी आज या निष्कर्षाचा मोठ्या उत्साहाने दाखला देतात. अहवाल प्रामाणिक आहे, यात शंका नाही. वेड्यांच्या इस्पितळांतील नोंदी डोळे झाकून न स्वीकारता त्या एकेक करून तपासण्याची त्याची पद्धत आजही आदर्श वाटावी. परंतु त्या साक्षीदारांच्या चिलमीतला गांजा उघड्या रानात, पावसापाण्यावर वाढलेला होता. दिव्यांच्या बंदिस्त उजेडात, नशेचे प्रमाण वाढवण्यासाठीच निवडलेल्या वाणांतून काढलेला आजचा गांजा त्या आयोगापुढे कधी आलाच नव्हता.

शेवंती लावणाऱ्यांना ठाऊक असते की रात्री लांबल्याशिवाय ती कळ्या धरत नाही. गांजाचे झाडही त्याच स्वभावाचे. बंद खोलीत माणूस दिव्याच्या बटणावर दिवस-रात्र ठरवतो, नर झाड दूर ठेवतो, आणि झाडाची सारी शक्ती त्या एका द्रव्याकडे वळवली जाते. अमेरिकेत पोलिसांनी जप्त केलेल्या मालाच्या तपासणीत टीएचसीचे सरासरी प्रमाण १९९५ मध्ये सुमारे ४ टक्के होते. २०१४ मध्ये ते सुमारे १२ टक्क्यांवर गेले. म्हणून ‘आजोबा भांग घेत, त्यांना काही झाले नाही’ हे वाक्य कितीही खरे असले तरी नातवाच्या कुंडीला ते लागू पडत नाही. आजोबांची भांग आणि हा फुलोरा यांत ताक आणि दारू यांच्याइतके अंतर आहे.

आयुर्वेदाचा दाखला देणाऱ्यांनीही तो पुरता द्यावा. शार्ङ्गधर संहितेत भांगेचे उदाहरण ‘व्यवायी’ द्रव्य म्हणून येते. म्हणजे आधी सर्व शरीरात पसरणारे आणि नंतर पचणारे. गुण सांगता सांगता दिलेला तो इशाराच आहे. ‘विजया’ या नावाने ती औषधांत वापरताना शोधनाचा संस्कार आवश्यक मानला गेला आहे, आणि आजच्या औषध कायद्यात ती वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावयाच्या विषारी द्रव्यांच्या यादीत आहे. तुळशीशेजारी ठेवण्याजोगी ही वनस्पती ग्रंथकारांनीही मानलेली नाही.

एका झाडाचा कायदा

बहुतेकांची फसगत येथे होते. अमली औषधी द्रव्ये व मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, १९८५ (बोलीभाषेत एनडीपीएस) या कायद्यात गांजाच्या बाबतीत १ किलोपर्यंतची मात्रा ‘अल्प’ आणि २० किलोंहून अधिक ‘व्यापारी’ मानली जाते. अल्प मात्रा जवळ बाळगल्यास एक वर्षापर्यंत सक्तमजुरी, किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हे ऐकून तरुणांचा समज होतो की एका कुंडीत किलोभर माल येणार नाही, तेव्हा प्रकरण किरकोळच राहील.

वस्तुस्थिती निराळी आहे. हे अल्प-अधिक मात्रेचे गणित बाळगणे, विकणे, वाहून नेणे यांसाठी आहे, लागवडीसाठी नाही. कलम ८ नुसार परवान्याविना या झाडाची लागवड करण्यासच मनाई आहे आणि कलम २० नुसार तिला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. झाड एक की शंभर, असा भेद त्या तरतुदीत नाही. शिक्षा किती द्यायची हे न्यायालय ठरवते. गांजाच्या व्याख्येतून बिया आणि शेंड्यांविना असलेली पाने वगळली आहेत हे खरे, पण ‘कॅनॅबिसचे झाड’ या व्याख्येत त्या प्रजातीचे कोणतेही झाड येते : नर असो, कोवळे असो, केवळ भांगेसाठी लावलेले असो. शिवाय खुद्द भांगेवरही महाराष्ट्रात दारूबंदी कायद्याचे बंधन आहे.

घरच्यांच्या दृष्टीने याहून महत्त्वाचे कलम २५ आहे. आपले घर, खोली किंवा जागा अशा गुन्ह्यासाठी जाणूनबुजून वापरू देणाऱ्यालाही त्याच गुन्ह्याची शिक्षा आहे. मुलाच्या खोलीत काय चालले आहे हे कळूनही ‘मोठा झालाय, त्याचे तो बघेल’ म्हणणारे वडील, आणि भाडेकरू वेळेवर भाडे देतो म्हणून गप्प राहणारा घरमालक, दोघांनी हे वाक्य पुन्हा एकदा वाचावे.

कॅनडात २०१८ पासून बहुतेक प्रांतांत घरटी चार झाडे लावता येतात, जर्मनीत एप्रिल २०२४ पासून प्रौढ व्यक्तीला तीन. उत्तराखंडने औद्योगिक भांगेच्या लागवडीला परवाने दिले आहेत, तेही नशेचे प्रमाण अत्यल्प असलेल्या वाणांसाठी. हे नियम बदलणारे आहेत आणि आपल्याकडे ते कसे असावेत यावर चर्चा जरूर व्हावी. पण सोलापुरातल्या घरात राहणाऱ्याला ओटावा किंवा बर्लिनचा कायदा वाचवायला येत नाही.

खोलीत आणि शरीरात

कायदा क्षणभर बाजूला ठेवला तरी घर म्हणून विचार करावा लागतो. ६०० वॉटचा एक दिवा रोज बारा तास जळला तर महिन्याला २१६ युनिट वीज जाते. जुन्या वायरिंगवर, एकाच प्लगला जोडलेल्या वाढीव तारांवर, मे महिन्यात आधीच तापलेल्या खोलीत हा भार म्हणजे आगीला आमंत्रण. बंद जागेतील दमट हवेत बुरशी धरते आणि तिचे कण दम्याच्या रुग्णाला, लहान मुलाला, केमोथेरपी घेणाऱ्या आजीला बाधतात. ज्या आजारी माणसासाठी म्हणून झाड लावले, त्याच्याच फुप्फुसात ती बुरशी जाणे यासारखा दैवदुर्विलास नाही. उग्र वास, सतत बंद असलेले दार, अचानक वाढलेले वीजबिल आणि पंख्याची अहोरात्र घरघर या खुणा घरच्यांच्या लक्षात येतातच. त्यांचा अर्थ मात्र उशिरा लागतो.

शरीराविषयी सर्वांत गंभीर बाब वयाची. मेंदूची घडण पंचविशीच्या आसपासपर्यंत चालू असते, आणि ज्या वयात कुतूहल अधिक त्याच वयात या द्रव्याचा धोकाही अधिक. युरोप आणि ब्राझीलमधील ११ ठिकाणी झालेला एक मोठा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात कधीही गांजा न घेतलेल्यांच्या तुलनेत, तीव्र टीएचसी असलेला गांजा रोज घेणाऱ्यांमध्ये मनोविकृतीच्या पहिल्या झटक्याची शक्यता जवळजवळ पाचपट आढळली. असा अभ्यास संबंध दाखवतो, प्रत्येकाचे भाकीत करत नाही. रोज ओढणाऱ्या प्रत्येकाला भ्रम होत नाहीत. पण ज्या घरात आत्या, मामा, चुलते यांपैकी कुणाला स्किझोफ्रेनिया किंवा द्विध्रुवी विकार आहे, तेथे हा जुगार खेळण्याजोगा नाही. आपल्याकडे असे आजार ‘डोक्यावर परिणाम झाला होता’ एवढ्या वाक्यात गुंडाळून पुढच्या पिढीपासून लपवले जातात. मुलांना ते स्पष्ट सांगायला हवेत. ही लपवाछपवी मला गांजाइतकीच घातक वाटते.

दीर्घकाळ सेवन करणाऱ्यांत आणखी एक चमत्कारिक त्रास दिसतो : पुन:पुन्हा होणाऱ्या उलट्या, ज्या गरम पाण्याने आंघोळ केल्यावर थोड्या वेळापुरत्या थांबतात. पित्त समजून महिनोन् महिने पोटाच्या तपासण्या होत राहतात, कारण डॉक्टरांनी गांजाचा प्रश्न विचारलेला नसतो किंवा रुग्णाने त्याचे खरे उत्तर दिलेले नसते.

आता त्या मुलीकडे वळू, जिची आई कर्करोगाने तळमळते आहे. तिची तळमळ खरी आहे, पण कुंडी हा तिच्यावरचा उपाय नव्हे. घरच्या झाडात कोणते द्रव्य किती, हे कुणालाच सांगता येत नाही, आणि मात्रा ठाऊक नसलेले औषध हे औषध नसते. वेदनाशमनासाठी मॉर्फीन कायदेशीरपणे मिळू शकते. २०१४ मध्ये याच एनडीपीएस कायद्यात दुरुस्ती करून अत्यावश्यक वेदनाशामकांची वाट सुलभ करण्यात आली. बार्शीच्या नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयासारख्या ठिकाणी किंवा आपल्या उपचार करणाऱ्या डॉक्टरांना ‘वेदना कमी करण्यासाठी आणखी काय करता येईल, मॉर्फीन देता येईल का?’ असा थेट प्रश्न विचारावा. कॅनॅबिसमधील सीबीडी या दुसऱ्या, नशा न आणणाऱ्या द्रव्यापासून बनवलेले औषध अमेरिकेत २०१८ मध्ये मुलांतील दोन दुर्मीळ, कठीण अपस्मारांसाठी मान्य झाले. तेही काटेकोर मात्रेत, यकृताच्या तपासण्यांसह. झाड आणि औषध यांच्यात एवढे मोठे अंतर असते.

झाड सापडले तर

मारझोड, शेजाऱ्यांसमोर तमाशा किंवा देवाची शपथ, यांपैकी कशाने काही साधत नाही. झाडाचे काय करायचे ते घाईत ठरवू नये. ते दुसऱ्याच्या घरी हलवणे म्हणजे आणखी एका कुटुंबाला गुंतवणे. आधी वकिलाचा सल्ला घ्यावा. मुलगा अठरा वर्षांच्या आतील असेल तर त्याचे प्रकरण बाल न्याय कायद्याखाली निराळ्या रीतीने हाताळले जाते, हेही वकिलाकडून समजून घ्यावे.

त्याच आठवड्यात मानसोपचारतज्ज्ञांकडे जावे. ‘डॉक्टरांना सांगितले तर पोलीस येतील’ ही भीती अनेक घरांना महिनोन् महिने रोखून धरते. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ मध्ये मादक पदार्थांच्या गैरवापराशी निगडित मानसिक अवस्थांचा समावेश आहे आणि रुग्णाला माहिती गोपनीय राहण्याचा हक्क आहे. एनडीपीएसच्या कलम ६४ अ नुसार, केवळ सेवनाच्या किंवा अल्प मात्रेच्या गुन्ह्यातील व्यसनी व्यक्ती स्वत:हून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेत असेल तर तिला खटल्यापासून संरक्षण मिळू शकते. लागवडीला ते लागू नाही. म्हणूनच कुंडीपर्यंत वेळ येण्याआधी, ओढण्याच्या टप्प्यावरच मदत घेण्याला अर्थ आहे.

सोलापुरात डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात, म्हणजे आपल्या ‘सिव्हिल’मध्ये, चौकशी करता येते. पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये सुरू केलेले मुक्तांगण आहे. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मानसिक आधारासाठी टेलिमानसचा १४४१६ हे क्रमांक आहेत. केंद्र सरकारच्या २०१९ च्या सर्वेक्षणात भांग-गांजाच्या सेवनामुळे मदतीची गरज असलेल्यांची संख्या देशात सुमारे ७२ लाख आढळली होती. तेव्हा फोन करणारे आपण एकटे नाही.

सोडल्यानंतरचे पहिले पंधरा दिवस घरच्यांची परीक्षा घेतात. चिडचिड, भूक मंदावणे, झोप उडणे, घाम आणि विचित्र स्वप्ने ही लक्षणे पहिल्या आठवड्यात अधिक तीव्र असतात आणि साधारण दोन आठवड्यांत ओसरतात. झोपेची घडी बसायला कधी त्याहून अधिक काळ लागतो. या दिवसांत मुलाने ताट सरकवले तर वाद घालू नये. थोड्या वेळाने ताक-भात किंवा पेज पुढे करावी, संध्याकाळी त्याच्याबरोबर सिद्धेश्वर तलावाच्या काठाने एक फेरी मारावी, रात्री मोबाइल खोलीबाहेर ठेवावा आणि पुढच्या भेटीची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्याच्याच हातून लिहून घ्यावी.