घोडपदेवची रोजगारवाट : गिरणी, गोदी आणि हातचे कसब

दोन प्रदेशांतल्या रोजगाराची तुलना करताना बहुधा कारखाने मोजले जातात. कामगार वेगळा हिशेब मांडतो : काम कोण मिळवून देईल, ते कोण शिकवील, राहायचे कुठे आणि गावी किती पैसे धाडता येतील.

मुंबईतल्या घोडपदेवात या प्रश्नांची उत्तरे हाकेच्या अंतरावर होती. एकीकडे भायखळा-चिंचपोकळीच्या गिरण्या, दुसरीकडे माझगाव-रे रोडच्या गोद्या नि वखारी. रत्नागिरीचा माणूस बोटीने येई आणि बहुधा गिरणीत लागे. सातारा-पुण्याच्या डोंगरी तालुक्यांतला माणूस गोदीत आणि बाजारातल्या हमालीत जास्त दिसे. आधी आलेला गाववाला ज्या खात्यात असेल, तिथेच मागाहून येणाऱ्याची वर्णी लागे.

शिक्षणही त्याच वाटेने होई. व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट 1887 मध्ये भायखळ्यातच सुरू झाली आणि 1923 मध्ये माटुंग्याला गेली. तिने कापडधंद्याला तंत्रज्ञ दिले. मागावरचा कामगार मात्र नातलगाशेजारी उभा राहून शिकला, फाटकावर बदलीसाठी थांबला, कामावर घेणाऱ्या मुकादमाची, म्हणजे जॉबरची, मर्जी राखत राहिला. कसब फुकट मिळे, पण सगळ्यांना नाही. धोट्यातून धागा ओठांनी ओढावा लागे, म्हणून विटाळाचे कारण पुढे करून दलित कामगारांना जास्त मजुरीच्या विणकर खात्याबाहेर ठेवले गेले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1928-29 च्या संपांच्या काळात हा अन्याय ठणकावून मांडला.

18 जानेवारी 1982 रोजी सुरू झालेल्या गिरणी संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. पुढे गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, कापड भिवंडी-इचलकरंजीच्या यंत्रमागांकडे गेले. 1989 मध्ये न्हावाशेवा बंदर सुरू झाले आणि कंटेनरमुळे गोदीतल्या मालाच्या चढउताराला माणसेही कमी लागू लागली. कागदावर पाहिले तर भिवंडीत माग होते, पिंपरी-चिंचवडला कारखाने होते. पण पंचेचाळिशीच्या विणकराला भिवंडीत बारा तासांची पाळी आणि मीटरवर मोजलेली मजुरी मिळे, तीही भविष्यनिर्वाह निधीशिवाय. पिंपरीला यंत्रकाम शिकलेली तरुण पोरे हवी होती. शिवाय घोडपदेवची खोली सोडायची, तर मुलांची शाळा आणि बायकोची खानावळही सुटायची.

सरकारी मदत आली ती पैशाच्या रूपात. 1986 च्या वस्त्रोद्योग कामगार पुनर्वसन निधी योजनेत बंद गिरणीतल्या पात्र कामगाराला पहिल्या वर्षी वेतनाच्या 75 टक्के, दुसऱ्या वर्षी 50 आणि तिसऱ्या वर्षी 25 टक्के रक्कम मिळे. 1992 च्या राष्ट्रीय नूतनीकरण निधीत पुनर्प्रशिक्षणाचा हेतू जाहीर केलेला होता, तरी बहुतेक पैसा स्वेच्छानिवृत्तीवर खर्च झाला. ही चूक लहान नव्हती : कामगाराच्या हाती रक्कम पडली, नवे काम पडले नाही.

याच परिसरात दुसरी वाटही होती आणि ती आजही चालू आहे. सरकारने 1960 मध्ये ताब्यात घेतलेल्या माझगाव डॉकमध्ये शिकाऊ उमेदवार फिटर, वेल्डर, इलेक्ट्रिशियनची कामे शिकतात. 1961 च्या शिकाऊ उमेदवारी कायद्यानुसार त्यांना विद्यावेतन मिळते. जहाजावर तयार झालेला वेल्डर पुण्यात, गुजरातेत किंवा आखातातही काम मागू शकतो. मागावरचे कसब दुसऱ्या धंद्यात फारसे नेता येत नव्हते.

म्हणून जिल्ह्याजिल्ह्यांची तुलना करणाऱ्यांनी रिकाम्या जागांच्या आकड्याशेजारी घरभाडे, प्रवास आणि धंदा बसल्यावरही उपयोगी पडेल असे कसब, यांचेही रकाने ठेवावेत. आणि कारखाना बंद होण्याची नोटीस लागेल, त्याच आठवड्यात प्रशिक्षणाचे वर्ग सुरू करावेत. भरपाई संपेपर्यंत थांबू नये.