दात मरळीला, विष शिंगीला

भंडारा हा तळ्यांचा जिल्हा. कोहळ्यांनी बांधलेले मामा तलाव, वैनगंगा, वर पवनी तालुक्यातलं गोसीखुर्द धरण. पाणी दिसलं की काठावर गळवाला असतोच. त्याची खरी हौस मरळीवर, आणि मरळीबद्दलच्या वावड्याही त्याच्याच तोंडी.

सर्वांत जुनी वावडी म्हणजे मरळ चावली की विष चढतं. डोकं सापासारखं चपटं, त्यावर मोठाले खवले, म्हणून हा संशय. तिच्या दातांत विष नसतं. दात मात्र अणकुचीदार असतात, बोट सापडलं तर रक्त निघतं. ओळखायची खूण सोपी: पाठीवरचा पर डोक्यामागून जवळजवळ शेपटीपर्यंत सलग जातो आणि त्यात टोचणारा काटा नसतो. शेपटीच्या बुंध्याशी नारिंगी कडेचा काळा ठिपका असेल तर ती मोठी होणारी जात; ती मीटरभराच्या पुढेही वाढते.

दातांची काळजी करायचीच तर शिवड्याची करा. अंगावर खवला नाही, लांब मिशा, तोंड डोळ्याच्या मागेपर्यंत फाटलेलं आणि जबड्यात बारीक दातांचे पट्टे. परदेशी व्हिडिओत मासा खालच्या ओठात अंगठा घालून उचलतात. तो बहुधा बास असतो. शिवड्यावर किंवा मरळीवर हा प्रयोग केला तर अंगठा सोलून निघेल. मासा ओल्या गोणपाटात गुंडाळून डोक्यामागे घट्ट धरावा आणि गळ लांब पकडीने काढावा.

पण खरी वेदना देते ती शिंगी, बिचारी दातांसाठी कुणाच्या लक्षातही नसलेली. ‘शिंगी चावली’ असं लोक म्हणतात, प्रत्यक्षात ती टोचते. छातीच्या दोन्ही परांना एकेक काटा असतो आणि त्या काट्याला विष असतं. जाळ्यातून मुठीने मासे काढताना हाच काटा घुसतो. अशा वेळी हळद-चुना लावण्याआधी जखम धुवा आणि हात सोसवेल इतक्या गरम पाण्यात अर्धा ते दीड तास बुडवून ठेवा; उष्णतेने वेदना उतरते. पाणी आधी दुसऱ्या हाताने पाहा, दुखऱ्या हाताला भाजल्याचं कळत नाही. काटा तुटून आत राहिला, सूज वाढली किंवा दम लागला तर थेट दवाखाना. धनुर्वाताचं इंजेक्शनही विचारून घ्या.

बाजारातल्या रूपचंदला पिरान्हा म्हणणारेही भेटतात. तो दक्षिण अमेरिकेतला पाकू, पिरान्हाचा नातलग खरा, पण त्याचे दात दाढांसारखे चपटे, फळं-बिया फोडणारे.

मरळ पाण्याबाहेर तासन्‌तास तग धरते, म्हणून ती बुडून मरणार नाही असं वाटतं. उलट आहे. कल्ल्यांच्या वरच्या पोकळीत हवा भरायला तिला पुन्हापुन्हा वर यावं लागतं; पाण्याखाली जाळ्यात अडकून राहिली तर ती गुदमरते. बादलीत ठेवाल तेव्हा वर हवेला जागा ठेवा, आणि झाकण घट्ट लावा, कारण ती उसळी मारते.

पावसाळ्यात पाण्यावर लालसर पिल्लांचा झुबका वळवळताना दिसतो. खाली मरळीची जोडी राखण करत असते आणि पिल्लांजवळ येईल त्याच्यावर तुटून पडते, त्यामुळे तिथं गळ टाकला की मासा हमखास लागतो. राखणदार गेला की पिल्लांवर इतर मासे ताव मारतात. असा झुबका दिसला तर गळ दुसरीकडे टाका.