मित्राला द्यावे, पण आपल्या वाट्यातले



देहूरोड स्टेशनवर लोकलमधून दोन तऱ्हेची माणसे उतरताना दिसतात. काही हातात डबा घेऊन कारखान्याच्या पाळीला निघालेली, तर काही गळ्यात तुळशीची माळ घालून देहूची वाट विचारणारी. मध्यंतरी याच स्टेशनबाहेर एका चहाच्या टपरीवर ओळखीचे एक शेतकरी भेटले. त्यांची काही जमीन संपादनात गेली, मोबदला बँकेत जमा झाला. चहा पिता पिता ते म्हणाले, "साहेब, जमीन होती तेव्हा मित्र पाच होते, आता पन्नास झालेत. कुणाला गाडी घ्यायची, कुणाला पोरीचं लग्न काढायचंय. नाही म्हणावं तर मैत्री तुटते, हो म्हणावं तर घर बुडतं. करावं काय?"

हा प्रश्न त्यांच्या एकट्याचा नाही. चाकण-तळेगावच्या पट्ट्यात ज्याच्या घरी जमिनीचा पैसा आला, त्या प्रत्येकाच्या ओट्यावर तो येऊन बसतो. जिथे जमीन शाबूत आहे तिथेही पेरणीच्या तोंडावर मित्र हात पसरतोच.

याचे उत्तर शोधायला फार लांब जायला नको. स्टेशनापासून थोड्याच अंतरावर, इंद्रायणीच्या काठी देहू गाव आहे. तुकाराममहाराजांच्या घरी शेती, दुकान आणि महाजनकी होती. लोकांना दिलेल्या कर्जाची खते घरात होती. १६३० च्या सुमारास दख्खनेत भयंकर दुष्काळ पडला. धान्य मिळेना, गुरे मेली. महाराजांची पहिली पत्नी त्याच दुष्काळात अन्नावाचून गेली. पुढे महाराजांनी ती खते बाहेर काढली आणि त्यांचे दोन वाटे केले. एक वाटा धाकटे बंधू कान्होबा यांच्या हाती दिला आणि आपला वाटा इंद्रायणीच्या पाण्यात सोडला. परंपरेने चालत आलेली ही हकिकत आपण कीर्तनातून ऐकत आलो आहोत.

ऐकताना आपले लक्ष बुडालेल्या खतांकडे जाते. मला मात्र त्याआधीच्या वाटणीचे मोल अधिक वाटते. कान्होबांना संसार चालवायचा होता. त्यांच्या वाट्यावर महाराजांनी आपले औदार्य दाखवले नाही. सोडले ते फक्त स्वतःचे. आणि जे सोडले त्याचा पुन्हा हिशेब ठेवला नाही.

कर्जाचा कागद गावात काय करतो, हे आपल्या पुणे जिल्ह्याने पाहिले आहे. १८७५ च्या मे महिन्यात सुपे येथे गांजलेल्या शेतकऱ्यांनी सावकारांची कागदपत्रे काढून जाळली. ते लोण आसपासच्या गावांत पसरले. अखेर १८७९ साली सरकारला शेतकऱ्यांच्या संरक्षणासाठी कायदा करावा लागला. देहूला देणाऱ्याने आपणहून कागद सोडले, सुप्याला घेणाऱ्यांनी ते जाळले. कागद दोन्हीकडे गेले, पण सुप्याला त्यांच्याबरोबर शेजारधर्मही गेला.

आता माझी एक चूक सांगतो. नोकरीच्या सुरुवातीला एका जिवलग शेतकरी मित्राची विहिरीवरची मोटर जळाली. उभा ऊस वाळत होता. मी घरात कुणाला न विचारता त्याला पाच हजार रुपये दिले. ते पैसे पत्नीने मुलाच्या शाळेसाठी जमवलेले होते. जून उजाडला, शाळेची फी भरायची वेळ आली, आणि माझी चिडचिड सुरू झाली. एका लग्नात, पंगतीला बसलेल्या चार माणसांसमोर मी त्याला पैशाचे विचारले. तो काही बोलला नाही. तिसऱ्या दिवशी त्याने पैसे आणून दिले. मागाहून कळले, दावणीची गाभण कालवड विकली होती. पैसे आले, मित्र मात्र पुन्हा माझ्या दारी आला नाही.

पुष्कळ वर्षे मी त्यालाच दोष देत होतो. खरा दोष माझा होता. जे माझे एकट्याचे नव्हते ते मी दिले. म्हणून ते मला सोडता आले नाही.

तेव्हापासून एक नेम पाळतो. मित्राला द्यायचे ते घरात विचारून, आणि परत आले नाही तरी चूल बंद पडणार नाही एवढेच. दिल्यावर मनाच्या वहीत ते लिहायचे नाही. त्याने परत आणून दिले तर घ्यावे; चारचौघांत त्याचे नाव काढू नये. आपल्या आवाक्याबाहेरची रक्कम असेल तर पहिल्याच दिवशी हात जोडून नाही म्हणावे. 'बघू', 'पुढच्या आठवड्यात ये' असे म्हणत त्याला हेलपाटे घालायला लावू नयेत.

जामीन राहताना तर दहादा विचार करावा. पुष्कळांना वाटते, नुसती सही तर करायची आहे. पण करारात वेगळे ठरलेले नसेल तर कायद्याने जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. त्याने हप्ते थकवले की नोटीस तुमच्या दारी येते. ती सही तुम्ही करता, पण भार बायका-मुलांच्या वाट्यावर पडतो.

आणि देणे म्हणजे केवळ पैसा नव्हे. आपल्याकडे सावड होती, इरजिक होते. अडलेल्याच्या रानात सगळे आपापले बैल-औते घेऊन जात, दिवसभर नांगरत आणि त्याच्या घरी जेवून परतत. मजुरी कुणी मोजत नसे. आज बैल कमी झाले, पण भातलावणीला दोन माणसे आजही पाठवता येतात. चांगले इंद्रायणी भात पिकले असेल तर निवडक लोंब्यांचे बी मित्राला द्या. दहा लिटर पाण्यात तीनशे ग्रॅम मिठाचे द्रावण करून त्यात तरंगणारे पोचट बी कसे काढायचे, तेही दाखवा. हे सरळ वाण आहे, बी पुढच्या वर्षीही चालते. असे दिलेले सहसा कमी पडत नाही.

चाकणचे संताजी जगनाडे तेलाचा घाणा चालवीत. महाराजांचे ते टाळकरी. महाराजांचे अभंग त्यांनी लिहून ठेवले, असे परंपरा सांगते. त्यांची समाधी सुदुंबऱ्याला आहे. मित्रासाठी त्यांनी हाताचे कष्ट दिले, आणि ते देणे आजवर पुरले आहे.

त्या टपरीवरच्या शेतकऱ्याला मी एवढेच म्हणालो, "घरी जा. वहिनींना आणि मुलांना घेऊन बसा. आधी त्यांचा वाटा बाजूला काढा, मग मित्रांसाठी एक रक्कम ठरवा. ती संपली की संपली."

ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "वाटणी आधी करायची होती तर."

चहाचे पैसे त्यांनीच दिले. मी ते मोकळ्या मनाने देऊ दिले.