पेट्यांची मोटरसायकल आणि खोळंबलेली रांग

गाड्यांच्या फटीतून दुचाकी काढायची आपल्याला पुण्या-मुंबईची सवय. आखनला ती महागात पडते. जर्मनीत मोटरसायकललाही उजवीकडून पुढे जाता येत नाही. महामार्गावर गाड्या मुंगीच्या पावलांनी सरकू लागल्या, की सर्वांत डावी रांग आणि तिच्या शेजारची रांग यांच्यामध्ये रुग्णवाहिकेसाठी वाट ठेवतात. त्या वाटेत शिरल्यास २०२१ पासून किमान २४० युरो दंड, २ गुण आणि महिनाभर वाहनबंदी. गुण ८ झाले की परवाना जातो.

सीमेपलीकडे बेल्जियममध्ये मात्र २०११ पासून रांगांमधून जाता येते. वेग ताशी ५० किलोमीटरपर्यंत, इतरांहून फार तर २० ने अधिक. महामार्गावर फक्त सर्वांत डावीकडच्या दोन रांगांमधून.

तिथेही पेट्यांचे भान ठेवा. हँडल गेले तरी मागची रुंद पेटी अडकते आणि गाडी कलंडते. दुसऱ्याच्या आरशाची भरपाई सक्तीचा विमा देतो, पण पुढचा हप्ता वाढू शकतो. स्वतःच्या गाडीचा खर्च, पूर्ण विमा नसल्यास, आपल्याच खिशातून.

म्हणून निघण्यापूर्वी पेट्यांसकट रुंदी मोजा. उन्हाळ्यात जाड जाकिटात जीव घामेजतो; पाणी जवळ ठेवा. दहा मिनिटे उशीर झाला तरी चालेल, हाडे शाबूत राहोत!