मोजमापाच्या उपकरणांची भाषा: स्किपीबद्दलचे गैरसमज

मल्टिमीटर, पॉवर सप्लाय, ऑसिलोस्कोप अशा उपकरणांना संगणकावरून आज्ञा देण्याच्या प्रमाणित भाषेचे नाव एससीपीआय. प्रयोगशाळेत तिला ‘स्किपी’ म्हणतात. तिच्याविषयीचा पहिला गैरसमज असा, की स्किपी म्हणजे उपकरण संगणकाला जोडणारी जीपीआयबीची जाड केबल. ही केबल ह्यूलेट-पॅकार्डने काढली आणि १९७५ मध्ये ती ‘आयईईई ४८८’ या नावाने प्रमाणित झाली. मात्र तारेतून जाणाऱ्या मजकुरात काय लिहायचे, हे त्या प्रमाणात नव्हते. प्रत्येक कंपनीची लिपी वेगळी असे. ह्यूलेट-पॅकार्डच्याच ३४७८ए मल्टिमीटरला डीसी व्होल्टेज मोजायला सांगायचे, तर ‘एफ१’ असे लिहावे लागे. १९८७ च्या ‘४८८.२’ प्रमाणाने संदेशाची घडण ठरवली आणि १९९० मध्ये त्यावर स्किपी उभी राहिली. स्किपीची आज्ञा म्हणजे साधी अक्षरे असल्याने ती सिरियल पोर्ट, यूएसबी किंवा इथरनेटवरूनही तशीच जाते.

आज्ञा कशीही तोडून लिहिली तरी चालते, हा दुसरा समज. प्रत्यक्षात प्रत्येक शब्दाची दोनच रूपे ग्राह्य असतात, पूर्ण आणि संक्षिप्त. संक्षिप्त रूपात इंग्रजी स्पेलिंगची पहिली चार अक्षरे घेतात. चौथे अक्षर स्वर असेल तर तीनच. त्यामुळे ‘व्होल्टेज’चे व्ही-ओ-एल-टी होते, पण ‘रेझिस्टन्स’ची चार अक्षरे आर-ई-एस-आय अशी स्वरावर संपतात म्हणून आर-ई-एस एवढेच उरते. मधलेच कुठले रूप लिहिले तर उपकरण ते नाकारते. अक्षरे लहान की मोठी, याने मात्र काही बिघडत नाही.

खरी गल्लत होते ती विरामचिन्हांत. आज्ञा झाडाच्या फांद्यांसारख्या रचलेल्या असतात आणि अपूर्णविराम (:) एका फांदीवरून पुढच्या फांदीवर नेतो. ‘सोर्स:व्होल्टेज ५;आउटपुट ऑन’ ही ओळ वाचायला बिनचूक वाटते. पण अर्धविरामानंतर उपकरण ‘सोर्स’च्याच फांदीवर असते, तिथे ‘आउटपुट’ शोधते, सापडत नाही आणि -११३, म्हणजे ‘अनडिफाइन्ड हेडर’, ही चूक नोंदवते. ‘आउटपुट’च्या आधी अपूर्णविराम दिला की शोध पुन्हा मुळापासून सुरू होतो. एककांतही असाच खड्डा आहे. ‘एम’ म्हणजे मिली आणि मेगासाठी ‘एमए’. पण हर्ट्‌झ आणि ओहम यांच्यापुढे तोच ‘एम’ मेगा ठरतो.

चूक झाली तर उपकरण आपणहून संगणकाला कळवील, असे धरून अनेक प्रोग्रॅम लिहिले जातात. ते धोक्याचे आहे. चुका उपकरणाच्या आत रांगेत साचतात आणि ‘सिस्टिम:एरर?’ असे विचारल्यावर एकेक करून, सर्वांत जुनी आधी, बाहेर येतात. शून्य येईपर्यंत विचारत राहावे लागते. ‘*आरएसटी’ने ही रांग पुसली जाते, हाही चुकीचा समज. ती आज्ञा मोजणीच्या मांडणीला मूळ स्थितीत आणते. रांग रिकामी करायला ‘*सीएलएस’ लागते. तसेच आज्ञा पोहोचली म्हणजे काम झाले, असेही नाही. ‘*ओपीसी?’ विचारले, तर चालू काम पुरे झाल्यावरच ‘१’ हे उत्तर येते. स्विचिंग आणि ट्रिगरच्या कामात हा एक प्रश्न वगळला, तर आकडे मिळतात पण विश्वासार्ह नसतात.

स्किपी असली की एका कंपनीच्या जागी दुसरीचे उपकरण बिनबदल बसते, ही अपेक्षाही पुरी होत नाही. प्रमाणात आज्ञांचा मोठा संच आहे, पण त्यातला प्रत्येक भाग प्रत्येक उपकरणाने राबवलाच पाहिजे असे बंधन नाही. शिवाय उत्पादक स्वतःच्या आज्ञा जोडतात. ‘*आयडीएन?’ला उत्पादक, मॉडेल, अनुक्रमांक आणि फर्मवेअर ही चार उत्तरे बहुतेक ठिकाणी मिळतील. त्यापुढे त्या मॉडेलचे प्रोग्रॅमिंग मॅन्युअल उघडावेच लागते.