मालवण किनाऱ्यावरील कौलारू घरे

सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या किनारपट्टीवरील, जांभ्या दगडाच्या भिंती व उतरते मंगळुरी कौलांचे छप्पर असलेला गृहप्रकार. मालवणच्या बाजारपेठ, मेढा, धुरीवाडा या जुन्या वस्त्यांत आणि वेंगुर्ल्यात विसाव्या शतकाच्या मध्यास बांधलेली अशी घरे आढळतात. मुंबईत नोकरी करणाऱ्या चाकरमान्यांनी पाठविलेल्या पैशावर त्यांपैकी अनेक उभी राहिली.

घराची मांडणी परंपरागतच असते : पुढे तुळशीवृंदावनाचे खळे, त्यामागे पडवी, लोटा, माजघर व देवघर आणि मागील दारी विहीर व न्हाणी. साहित्यात मात्र जुन्यानव्याचा मेळ दिसतो. जांभा (चिरा) खाणीतून काढताना मऊ असतो व हवेत उघडा राहिल्यावर कठीण होतो. मंगळूर येथे बाझेल मिशनने १८६५ मध्ये कौलांचा कारखाना काढला. पुढे ती कौले किनाऱ्यावर सर्वत्र पसरली. नळीच्या कौलांची दरवर्षी शाकारणी करावी लागे. एकमेकांत अडकणाऱ्या मंगळुरी कौलांनी हे काम पुष्कळ हलके केले. सिमेंट सुलभ झाल्यावर सारवलेल्या जमिनीच्या जागी लाल, गुळगुळीत कोबा आला. हा कोबाही आता त्या घराच्या इतिहासाचाच भाग होय. तो उखडून चकचकीत फरशी बसविणे म्हणजे जीर्णोद्धार नव्हे.

जांभा सच्छिद्र असल्याने पावसाळ्यात ओल शोषतो व उघडीप पडताच ती सोडतो. चुन्याचा गिलावा या क्रियेस अडथळा करीत नाही. सिमेंटच्या घट्ट गिलाव्यामागे मात्र ओल कोंडते, पापुद्रे सुटतात आणि खाऱ्या हवेत भिंत आतून पोखरते. सुस्थितीतील घराचे अशा सदिच्छेने केलेल्या दुरुस्तीमुळे होणारे नुकसान दुर्लक्षामुळे होणाऱ्या नुकसानाइतकेच गंभीर असते. पाणी प्रथम फुटक्या कौलातून वाशांत व तेथून भिंतीच्या माथ्यात शिरते. एकेक कौल सुटे बदलता येत असल्याने वेळीच केलेली दुरुस्ती स्वस्त पडते. मे २०२१ मधील तौक्ते चक्रीवादळात किनाऱ्यावरील अनेक छपरांची कौले उडाली.

कायद्याचा आधार येथे तोकडा आहे. प्राचीन स्मारकांविषयीचा १९५८ चा केंद्रीय कायदा किमान शंभर वर्षांच्या वास्तूंपुरता आहे. मध्यशतकातील राहती घरे त्यात बसत नाहीत. त्याहून मोठी अडचण सामाईक मालकीची. वारसांची संख्या वाढते, ते मुंबई-पुण्यास विखुरतात. वर्षभर कुलूप असलेले घर चतुर्थीपुरते उघडते आणि वासे बदलण्याच्या खर्चावर एकमत होत नाही. अखेर छप्पर खचते व जागेवर सपाट स्लॅबची इमारत उभी राहते. सिंधुदुर्ग १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा घोषित झाल्यानंतर काही कुटुंबांनी अशी घरे पाहुण्यांच्या निवासासाठी खुली केली. त्यातून देखभालीचा खर्च निघतो. मात्र न्हाणीघरे व वातानुकूलन यांसाठी भिंती फोडताना जोते, पडवी व छपराचा उतार कायम राखला, तरच घराचे मूळ रूप टिकते.